हे पाणी कुठं जातं?

मे महिन्यात शिरपूर तालुक्यातल्या आमच्या घरी रात्री आत झोपणं शक्य नसतं. दिवसभर तापलेल्या भिंती पहाटेपर्यंत ऊन सोडत राहतात. सगळ्यांची अंथरुणं धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर. उत्तरेला सातपुड्याची काळी रांग, आणि एखाद्या रात्री तिच्यावर वणव्याची बारीक केशरी रेघ. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी अशाच एका रात्री मी धाब्यावर बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडून, पुण्यातल्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, लावलेला गणनेचा जॉब बघत होते. साडेअकरा वाजले असतील. फाइलच्या शेवटी चार ओळी आल्या आणि चारही ओळींपुढे 'येस' होतं.

माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "मिळाली!"

बाजूच्या खाटेवर नाना जागेच होते. "काय व्हयनं बेटा?"

"खिंड मिळाली, नाना."

नानांना 'खिंड' हा शब्द मीच दिला होता. ते पंचवीस वर्षं ट्रकवर होते, आणि त्यातली बरीचशी मुंबई-आग्रा रोडवर. ट्रान्झिशन स्टेट म्हणजे काय हे त्यांना सांगायला मला लांब जावं लागलं नव्हतं. आमच्या दक्षिणेला तापीचं खोरं, पलीकडे नर्मदेचं, मधे सातपुडा. शिरपूरहून निघालेली गाडी पळासनेर सोडते, बिजासन घाट चढते आणि सेंधव्याकडे जाते. ती काही सातपुड्याच्या शिखरावरून जात नाही. डोंगर जिथं सगळ्यात कमी अडवतो, तिथून ती पलीकडे जाते. रासायनिक अभिक्रियाही अशीच. अभिकारक एका खोऱ्यात, उत्पादन दुसऱ्या खोऱ्यात, आणि मधे ऊर्जेचा डोंगर. या डोंगराचा पहिला नकाशा हेन्री आयरिंग आणि मायकेल पोलान्यी यांनी १९३१ मध्ये काढला, एक हायड्रोजन अणू हायड्रोजनच्या रेणूला धडकतो त्या साध्या अभिक्रियेसाठी. सगळ्यात सोप्या वाटेवरचा सगळ्यात उंच बिंदू म्हणजे ट्रान्झिशन स्टेट. त्या जागी पुढे उतार, मागे उतार, आणि डावीउजवीकडे चढ. आकार घोड्याच्या खोगिरासारखा, म्हणून गणितात त्याला खोगीरबिंदू म्हणतात.

फरक इतकाच की घाटात दोनच दिशा बघाव्या लागतात. माझा रेणू अठरा अणूंचा होता. त्याच्या हालचालींच्या दिशा तिनापट अठरा वजा सहा, म्हणजे ४८. त्यांतल्या ४७ दिशांनी चढ आणि नेमक्या एका दिशेनं उतार, अशी जागा शोधायची. ती बाटलीत भरून ठेवता येत नाही. रेणू त्या माथ्यावर असतो तो सेकंदाच्या एक भागिले दहाचा तेरावा घात एवढाच वेळ. म्हणून गणनेनं शोधायची, आणि म्हणूनच ती सापडली की नाही हे ठरवणं इतकं जिवावरचं काम.

त्या चार 'येस'चं सांगते, कारण त्यांच्यावर विश्वास ठेवून मी आयुष्यातले काही महिने घालवले आहेत.

गॉसियन हा रेणूंची गणना करणारा प्रोग्राम प्रत्येक पावलाला चार आकडे तपासतो. अणूंवर उरलेलं सर्वात मोठं बल, बलांची सरासरी, पुढच्या पावलाला होणारं सर्वात मोठं सरकणं, आणि सरकण्याची सरासरी. अणूंच्या मापाच्या एककांत या चारांच्या मर्यादा अनुक्रमे ०.०००४५, ०.०००३, ०.००१८ आणि ०.००१२. आकडा मर्यादेच्या आत आला की 'येस', नाही तर 'नो'. चारही 'येस' झाले की काम पूर्ण झाल्याची ओळ येते आणि तिच्यापुढे लिहिलेलं असतं, 'स्टेशनरी पॉइंट फाउंड'. हे तीन शब्द मी शेकडो वेळा वाचले असतील, पण त्यांत काय लिहिलेलं नाही हे मला फार उशिरा दिसलं. स्थिर बिंदू सापडला, एवढंच प्रोग्राम म्हणतो. ट्रान्झिशन स्टेट सापडली असं तो कुठंही म्हणत नाही. नानांच्या भाषेत, गाडी न्यूट्रलला टाकली आणि ती हलली नाही. अशी ती घाटमाथ्यावर हलत नाही, तशी शिरपूरच्या स्टँडसमोरही हलत नाही.

एकदा मी यात पुरती फसले होते. त्या हिवाळ्यात जॉब सारखा मरत होता. ट्रान्झिशन स्टेट शोधताना प्रोग्राम मधूनमधून बघतो की उताराच्या दिशा एकच आहेत ना. एकाऐवजी दोन निघाल्या की तो थांबतो. ही तपासणी बंद करायचा एक शब्द आहे, नोआयजेनटेस्ट. लॅबमध्ये सगळेच तो टाकायचे, मीही टाकला. जॉब मरायचा थांबला. चार दिवसांनी चार 'येस' आले आणि मी गाईडसरांना मेल पाठवली. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: काल्पनिक कंपन किती आहे आणि कोण हलतंय?

स्प्रिंगचा ताण, म्हणजे तिचा ताठरपणा, आणि वस्तुमान यांच्या भागाकाराच्या वर्गमुळावरून कंपनसंख्या ठरते. खोऱ्यात ताण धन असतो, रेणू ढकलला की परत येतो. खिंडीत एका दिशेनं तो ऋण असतो, रेणू ढकलला की निघूनच जातो. ऋण संख्येचं वर्गमूळ काल्पनिक, म्हणून ते कंपन काल्पनिक. प्रोग्राम ते वजा चिन्ह लावून छापतो. खऱ्या खिंडीत असं वजा कंपन नेमकं एक असलं पाहिजे. माझ्याकडे दोन निघाली. एक होतं वजा ५८ (हे आकडे प्रति सेंटिमीटर या एककात), आणि पडद्यावर हलवून बघितलं तर एका टोकाचा मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) नुसता स्वतःभोवती फिरत होता. ज्या बंधासाठी सगळा खटाटोप, त्याच्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट कळली. वाट शोधताना प्रोग्राम डोंगराचा बाक, म्हणजे उतार कुठं किती वळतो ते, बहुतेक वेळ अंदाजानं धरून चालतो, कारण दर पावलाला तो नीट मोजणं महाग पडतं. ते चार 'येस' त्या अंदाजाच्या जोरावर आलेले असतात. नंतर कंपनं काढताना बाक पहिल्यांदा नीट मोजला जातो आणि तोच चार ओळींचा तक्ता पुन्हा छापला जातो. तिथं कधीकधी सरकण्यापुढे 'नो' असतं. तो दुसरा तक्ता हजारो ओळींच्या खाली असतो आणि कुणी तिथवर जात नाही. मी आता आधी तोच बघते.

तर त्या मे महिन्याच्या रात्री मी शहाणी झालेले होते. तपासणी बंद केलेली नव्हती. रात्री बारापर्यंत कंपनं आली. वजा कंपन एकच, वजा ३८० च्या आसपास. माझ्या अभिक्रियेत ऑक्सिजनवरचा हायड्रोजन सहा अणूंचा वळसा घालून पलीकडच्या कार्बनवर जायचा होता. पडद्यावर कंपन हलवलं तर हायड्रोजन कार्बनच्या दिशेनं झुकत होता आणि मागे येत होता. मला जे बघायचं होतं तेच दिसत होतं. एक काटा मात्र मनात होता. या खिंडीची उंची फक्त सहा किलोकॅलरी (प्रति मोल) येत होती. इतक्या खुज्या खिंडीतून रेणू काही अब्जांश सेकंदांत पलीकडे जायला हवेत, आणि शेजारच्या लॅबमध्ये हाच पदार्थ साध्या तापमानाला आठवडाभर बाटलीत जसाच्या तसा बसून होता. मी स्वतःला समजावलं की गणनेच्या पद्धतीत चूक असेल, ती नंतर बदलून बघू.

नाना उठून बसले होते. त्यांनी लॅपटॉपवरचं ते हलणारं चित्र बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "मंग तठून खाले उतरी देखं का तू?"

तिथून खाली उतरून बघितलंस का. मी म्हणाले, ते नंतर करणार आहे, त्याला वेळ लागतो, पण ही तीच आहे.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मी जन्मायच्या आधीची. थंडीचे दिवस, गाडी रिकामी, आणि बिजासन घाटात टँकर आडवा झालेला. दोन्ही बाजूंना मैलभर रांग. कुणीतरी सांगितलं की जंगलातून एक कच्चा रस्ता आहे, लाकडाच्या गाड्या जातात, तो पलीकडे निघतो. नानांनी आणि क्लीनरनं गाडी त्या रस्त्याला घातली. अंधार, धुकं, दुसऱ्या गिअरवर चढ. दोन तासांनी चढ संपला. माथ्यावर थोडी सपाट जागा लागली, दोन्ही अंगांना डोंगर वर गेलेला, आणि समोर उतार. घाट चढून आलो, असं दोघांनाही वाटलं. उतरायला लागले. हिशेब असा की उजाडेपर्यंत सेंधव्याच्या बाजूला लागू.

उजाडलं तेव्हा एक ओहोळ आडवा आला. काठावर एक पावरा आदिवासी म्हातारा बैलांना पाणी पाजत होता. नानांनी सेंधवा किती लांब म्हणून विचारलं. तो हसला नाही, काही नाही. त्यानं ओहोळाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हे पाणी कुठं जातं? नानांना सांगता येईना. म्हातारा म्हणाला, हे अनेरला जातं, अनेर तापीला जाते. तुम्ही निघाला त्याच अंगाला आहात.

डोंगर ते चढले होते, खिंडही त्यांनी ओलांडली होती. पण ती खिंड सातपुड्याच्या पोटातली होती, एका नाल्यातून शेजारच्या नाल्यात नेणारी, आणि दोन्ही नाले तापीचेच. माथ्यावर उभं राहून हे कळायचा काही मार्गच नव्हता. तिथं सगळं खऱ्या घाटासारखंच होतं.

"पानी कथा जाई ऱ्हायनं ते देखनं पडस," नाना म्हणाले आणि आडवे झाले.

मी रात्रीच जॉब लावला. खिंडीवरून दोन्ही बाजूंना उताराच्या सर्वात तीव्र रेघेनं खाली येत जायचं, याला आयआरसी (इंट्रिन्सिक रिअ‍ॅक्शन कोऑर्डिनेट) म्हणतात. ही रेघ केनिची फुकुई यांनी १९७० मध्ये मांडली. १९८१ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि रोआल्ड हॉफमन यांना मिळून मिळालं. गणना महाग असते, कारण प्रत्येक छोट्या पावलाला बलं नव्यानं काढायची, आणि दोन्ही अंगांना पन्नास-साठ पावलं. त्यामुळे ती 'नंतर' वर ढकलली जाते, आणि घाईत राहूनही जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं, वीज गेली होती, आणि मी ओट्यावर बसून दोन्ही टोकांचे आकडे वहीत उतरवले. ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर: पुढच्या टोकाला ०.९७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरच्या अब्जांशाचा दहावा भाग). मागच्या टोकाला ०.९७ अँगस्ट्रॉम. हायड्रोजन ऑक्सिजन सोडून कुठंही गेलेला नव्हता. तो फक्त ऑक्सिजनभोवती फिरून एका अंगावरून दुसऱ्या अंगाला झाला होता. दोन्हीकडे अभिकारकच, जरा वेगळ्या बैठकीतला. मग मी ते कंपनाचं चित्र पडद्यावर नव्वद अंशांत वळवलं. बाजूनं बघितल्यावर हायड्रोजन कार्बनकडे जात नव्हताच, रेणूच्या पातळीतून वर निघत होता. समोरून बघताना ते झुकणं वाटलं होतं. सहा किलोकॅलरीचा तो काटा खरं बोलत होता आणि मी त्याला गप्प केलं होतं.

खरी खिंड पावसाळ्यात मिळाली. कार्बन आणि हायड्रोजनमधलं अंतर थोडं थोडं कमी करत नेलं, जिथं ऊर्जा सर्वात वर गेली तिथून शोध सुरू केला, आणि सुरुवातीलाच बाक नीट मोजायला लावला. वजा कंपन १४०० च्या वर. हायड्रोजन जिथं दोघांच्या मधे लटकतो तिथं हे असं मोठं यायलाच हवं, कारण हलणारी वस्तू हलकी आणि बाक तीव्र. उंची २७ किलोकॅलरी. आयआरसीचं एक टोक अभिकारकात उतरलं, दुसरं उत्पादनात. शेजारच्या लॅबमधली बाटली आठवडाभर तशीच का बसते, ते आता कळत होतं.

यात चूक झाली तर किती महागात पडते याचा हिशेब मी विद्यार्थ्यांना फळ्यावर मांडून दाखवते. साध्या तापमानाला खिंड २२ किलोकॅलरीची असेल तर निम्मा पदार्थ सुमारे पंचवीस मिनिटांत पलीकडे जातो. ती २५ ची असेल तर त्यालाच पावणेतीन दिवस लागतात. तीन किलोकॅलरींनी मिनिटांचे दिवस होतात. साधारण १.४ किलोकॅलरी म्हणजे वेगात दहापट फरक. वर्गात सराव नेहमी ब्युटाडाइन आणि इथिलीनपासून होतो, पाठ्यपुस्तकातली डील्स-आल्डर अभिक्रिया. इथिलीन म्हटलं की आमच्या पोरांचे चेहरे उजळतात. हाच वायू रायपनिंग चेंबरमध्ये सोडून रावेर-यावलची केळी पिकवतात, हे त्यांना घरूनच माहीत असतं. या अभिक्रियेच्या खिंडीत नवे दोन बंध सुमारे २.२ ते २.३ अँगस्ट्रॉमवर अर्धवट जुळलेले दिसतात आणि वजा कंपन ५०० च्या आसपास येतं. पहिली खिंड म्हणून ती चांगली आहे. फसवत नाही.

मध्यंतरी मावशीकडे चाळीसगावला गेले होते, तेव्हा पाटणादेवीला जाऊन आले. तिथला शिलालेख १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, त्याची ती नोंद. गेल्या शतकाआधीच्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो जगापुढे आणला. मी तिथं उभी होते ते एका शब्दासाठी. जुन्या ग्रहगणितात काही उत्तरं एका दमात निघत नाहीत. एक अंदाज धरायचा, त्यावरून उत्तर काढायचं, ते उत्तर पुन्हा आत घालायचं, असं करत राहायचं. या रीतीला असकृत् म्हणतात, म्हणजे 'एकदाच नव्हे'. कुठवर करायचं? मागच्या आणि पुढच्या उत्तरात फरक उरेनासा होईपर्यंत. त्या स्थितीचं नाव अविशेष. माझे चार 'येस' म्हणजे अविशेषच की.

पण त्याच परंपरेत दुसरा शब्द आहे, दृक्प्रत्यय. आपल्याकडे पंचांगांवरून पिढ्यान् पिढ्या वाद झाले ते याच शब्दावर. गणितानं आलेला ग्रह आकाशात बघितल्यावर त्याच जागी दिसला पाहिजे. उत्तर फिरायचं थांबलं ही एक गोष्ट, आणि आकाशाशी जुळलं ही दुसरी. पहिलीसाठी गणक पुरतो, दुसरीसाठी अंगणात येऊन वर बघावं लागतं. मी कन्व्हर्जन्स, म्हणजे उत्तर स्थिरावणं, शिकवताना आता हे दोन्ही शब्द वापरते. पोरं ते 'अभिसरण'पेक्षा लवकर धरतात.

आणि अविशेषसुद्धा एका मजल्यावरचं नसतं. अणू हलवायच्या आधी दर पावलाला इलेक्ट्रॉनांचं गणित स्वतःच फिरून फिरून स्थिरावतं. ते सैल सोडलं तर वरची बलं कच्ची येतात. बंध तुटत असताना तर ते चुकीच्या उत्तरावरही शांतपणे स्थिरावतं. दोन इलेक्ट्रॉन वेगळे व्हायला निघालेले असतात आणि आपण त्यांना जोडीनंच बसवलेलं असतं. याची वेगळी स्थिरता-तपासणी असते, तीही करायची. घनता मोजायची जाळी विरळ असेल तर लहान कंपनांची चिन्हं बदलतात, वजा २० चं अधिक १५ होतं. उलटही होतं. रेणू अगदी सपाट जागी असला तर सरकण्याचे दोन 'येस' येतच नाहीत, आणि बलं मर्यादेच्या शंभराव्या भागाहून लहान झाल्यावर प्रोग्राम त्यांच्याशिवायच पुरे म्हणतो. ते बरोबरच असतं. म्हणजे चार 'येस' असून खिंड खोटी असू शकते, आणि दोन 'नो' असून उत्तर खरं असू शकतं. यादी करून भिंतीवर लावता येईल, लावलीही आहे, पण मुलं ती यादी म्हणूनच वाचतात, आणि मला त्याचीच भीती वाटते.

म्हणून कुणी धावत येऊन "मॅडम, मिळाली" म्हणालं की मी त्यांचा आनंद मोडत नाही. तो आनंद मला माहीत आहे. धाब्यावर, साडेअकराला, तसा आनंद मला नंतर क्वचितच झाला. मी फक्त खुर्ची ओढून बसते आणि विचारते, पाणी कुठं जातं ते बघितलंस?

त्या खोट्या खिंडीची फाइल मी टाकून दिलेली नाही. तिचं नाव बदलून 'अनेर' केलं आहे. गेल्या वर्षी नाना गेले, त्यानंतर एकदा ती उघडून दोन्ही टोकं पुन्हा मोजली. ०.९७ आणि ०.९७.

आज एका विद्यार्थिनीचा जॉब चालू आहे. पुढची बाजू संध्याकाळी उत्पादनात पोहोचली. मागची चाळिसाव्या पावलावर आहे, अजून उतरते आहे, आणि ती मुलगी घरी जायला तयार नाही.